ज्याने आयुष्यभर वाहिले, त्याची सेवा



माणसाने जे प्राणी आपल्या अंगणात आणून बांधले, त्यांत घोड्याचे नाते थोडे वेगळे आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा दार राखतो. घोडा मात्र प्रत्यक्ष माणसालाच पाठीवर घेतो. स्वाराच्या मांडीचा दाब, लगामाचा हलका ओढा, आवाजातला राग किंवा भीती हे सारे त्याला न सांगता कळते. मुळात घोडा भित्रा प्राणी आहे. वाऱ्याने उडालेल्या कागदालाही तो बिचकतो. तरीही ओळखीचा माणूस सोबत असेल, तर तोच घोडा वाहत्या ओढ्यात पाय टाकतो, फटाक्यांच्या आवाजात वरातीत उभा राहतो, रात्रीच्या अंधारात टांगा घरी आणतो. एका जिवाने दुसऱ्या जिवावर टाकलेला हा विश्वास आहे. श्रद्धा म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्याकडे पाहावे.

चांगली निगा राखली तर घोडा साधारण 25 ते 30 वर्षे जगतो. आपण या आकड्याचा कधी विचार करतो का? घरात शिंगरू जन्मले तेव्हा जो मुलगा पाटी घेऊन शाळेत जात होता, तो तरुण होतो, कमवू लागतो, त्याचे लग्न होते, त्याला मुले होतात. तोपर्यंत तबेल्यात घोडा तोच असतो. वडील गेलेले असतात, घर बदललेले असते, पण सकाळी चंदीची बादली वाजली की तीच मान वळते आणि तीच खिंकाळी ऐकू येते. इतकी वर्षे साथ देणारी माणसे तरी आपल्या आयुष्यात किती असतात?

आणि एका सकाळी बादली वाजते, पण मान वळत नाही. चंदी तशीच पडून राहते. आज आपण या सकाळीविषयी विचार करणार आहोत. तुमच्यापैकी थोड्यांच्याच घरी घोडा असेल. पण म्हातारा बैल, आटलेली गाय, आंधळा झालेला कुत्रा अनेकांच्या दारी आहे. प्रश्न सर्वांसाठी एकच आहे: ज्याच्याकडून आता काही मिळणार नाही, त्याच्याशी आपले नाते काय?

गढ्याच्या टेकडीवरील पागा

जबलपूरच्या गढा भागात गेलात तर ग्रॅनाइटच्या टेकडीवर, एका अजस्र खडकाला धरून बांधलेला मदन महाल दिसतो. गढा ही एके काळी गोंड राज्याची राजधानी होती. महालाजवळच घोड्यांच्या पागेचे अवशेष आहेत. राजेशाही गेली, तोरणे-पताका गेल्या, पण राजाच्या निवासाशेजारी घोड्यांचा निवारा होता, एवढे तरी दगड आजही सांगतात. ज्यांच्या भरवशावर राज्य चालायचे, त्यांना दूर ठेवून चालत नसे.

याच गढ्याच्या राणी दुर्गावतींचे नाव आपण सर्व जाणतो. 24 जून 1564 रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्या सैन्याशी लढताना त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी त्या आपल्या सरमण नावाच्या हत्तीवर होत्या. जबलपूरहून मंडल्याकडे जाणाऱ्या वाटेवर नर्रईच्या परिसरात राणींची समाधी आहे आणि सरमणचीही समाधी तिथेच असल्याचे लोक सांगतात. चारशे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी लोकांनी राणीच्या आठवणीतून तिच्या हत्तीला वगळले नाही. लोकमनाला एक गोष्ट नीट कळते: ज्याने शेवटच्या क्षणी पाठ दिली, त्याला विसरणे म्हणजे राणीलाच विसरणे.

गढ्याजवळच पिसनहारीची मढिया नावाचे जैन मंदिर आहे. आख्यायिका अशी की, जात्यावर लोकांचे दळण दळून पोट भरणाऱ्या एका गरीब बाईने पै-पै साठवून हे मंदिर उभारले. शिखरावर सोन्याचा कळस चढवायला पैसे उरले नाहीत, तेव्हा तिच्या जात्याच्या तळ्याच कळसाच्या जागी बसवल्या गेल्या. साधकांनो, या कथेवर क्षणभर थांबा. झिजलेले जाते टाकूनही देता आले असते. पण ज्याच्या झिजण्यातून मंदिर उभे राहिले, त्याची जागा शिखरावर आहे, असे त्या भाविकांच्या मनाने ठरवले.

म्हातारा घोडा हे असेच झिजलेले जाते आहे. त्याच्या खुरांच्या झिजेतून घरात धान्य आले, मुलांच्या शाळेचे पैसे भरले गेले, मुलींची लग्ने झाली. त्याची जागा कुठे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

याच जबलपूर जिल्ह्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. 2025 च्या उन्हाळ्यात हैदराबादहून जबलपूरजवळच्या एका गावात 57 घोडे आणले गेले. त्यांतले काही थोड्याच दिवसांत दगावले. ग्लँडर्स या रोगाच्या शंकेने रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवावे लागले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोष कोणाचा, हे पाहण्यासाठी न्यायालये आहेत. तो आपला विषय नाही. आपण फक्त एवढेच मनाशी विचारावे: उपयोग संपला की घोडा कुठे जातो, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

सूर्य मावळायला आला होता, तरी

महाभारतातील द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. म्हणजे त्या दिवशीची प्रत्येक घटका प्राणाच्या मोलाची होती. जयद्रथ अजून दूर होता, मध्ये कौरवांचे सैन्य उभे होते आणि सूर्य पश्चिमेकडे कलू लागला होता. अशा वेळी रथाचे घोडे थकले. त्यांच्या अंगात बाण रुतले होते, त्यांना तहान लागली होती.

तेव्हा काय झाले? रथ थांबला. अर्जुन जमिनीवर उतरून पायी लढू लागला. त्याने बाणांनी भूमी भेदून जलाशय निर्माण केला, बाणांचाच निवारा उभारला. आणि भगवान श्रीकृष्णांनी घोडे सोडले. स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळले, लोळू दिले, पाणी पाजले, चारा घातला. घोडे ताजेतवाने झाल्यावरच ते पुन्हा रथाला जोडले गेले.

आपण गीतेचा उपदेश करणारे श्रीकृष्ण पूजतो. सारथी श्रीकृष्णांची मूर्तीही देव्हाऱ्यात ठेवतो. पण रणांगणाच्या मध्यभागी, शत्रूंच्या गराड्यात, घोड्याच्या अंगावरून हात फिरवणारे श्रीकृष्ण आपल्या ध्यानात येतात का? आमच्या मराठी संतांनी मात्र हे रूप मनापासून जपले. भक्तासाठी राबणाऱ्या देवाचे कौतुक करताना त्यांना अर्जुनाची घोडी धुणारा देव आठवला. वेळ नव्हता, ही सबब भगवंतांना आपल्याहून कितीतरी अधिक शोभली असती. त्यांनी ती वापरली नाही.

आपल्याकडे सबबी पुष्कळ असतात. दुकान उघडायचे आहे, मुलांची परीक्षा आहे, औषध महाग आहे, डॉक्टर लांब राहतात. त्यांतल्या बऱ्याच खऱ्याही असतात. तरीही या प्रसंगाकडे पाहून एवढे समजावे की, मुक्या जिवाच्या वेदनेसाठी काढलेला वेळ आपल्या मोठ्या कामातून वजा होत नसतो.

रिंगणात धावतो तो, आणि जो धावू शकत नाही तो

आषाढीच्या वारीत माऊलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून, शितोळे सरदारांकडून येतात, आणि तेही पायी चालत आळंदीला पोहोचतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते. ती रिकामी नाही, तिथे माऊली आहेत, असा वारकऱ्यांचा भाव. चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. अश्व वाऱ्यासारखे धावून जातात आणि हजारो माणसे त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी धावतात.

हा भाव फार उंच आहे. ज्याच्या पाठीवर कोणी दिसत नाही, त्याच्या पाठीवर देव पाहणे म्हणजे डोळ्यांची साधना आहे. ही साधना खरी असेल, तर ती रिंगणापाशी संपू नये. दौडणाऱ्या अश्वाच्या पायाची धूळ आपण कपाळाला लावतो. मग जो उभा राहताना थरथरतो, ज्याचे खूर दुखतात, ज्याच्या अंगाला जखमांचा वास येतो, त्याच्या पायाशी बसून खूर साफ करणे हे त्याच पूजेचे पुढचे पाऊल आहे. वाजतगाजत होणाऱ्या पूजेला हजारो माणसे जमतात. या पूजेला मात्र आपण एकटेच असतो, बहुधा पहाटे आणि बहुधा झोपमोड करून.

पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो, दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतो. आपल्या पूर्वजांनी हे दिवस कृतज्ञतेसाठी नेमले. वर्षातला एक दिवस शिकवणीचा आणि उरलेले दिवस आचरणाचे, असा त्यांचा हिशेब होता.

सेवा डोळस असावी

साधकांनो, भाव असणे पुरेसे नाही. आजारी जिवाला भावाबरोबर समजही लागते. म्हणून काही साध्या गोष्टी इथे सांगणे आवश्यक वाटते.

घोडा आपले दुखणे लपवतो. रानात राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांना दुबळेपणा दाखवून चालत नसे, ती सवय त्याच्या रक्तात आहे. म्हणून लहान खुणा पाहायला शिकावे. डोळ्याभोवतीचा ताण, मागे वळलेले कान, आवळलेल्या नाकपुड्या, एका पायावरचा भार सतत बदलणे, कळपापासून दूर उभे राहणे, या त्याच्या वेदनेच्या भाषा आहेत.

म्हाताऱ्या घोड्याचे दात वेडेवाकडे झिजतात. त्यांच्या धारदार कडांनी गाल आणि जीभ सोलली जाते. तो वैरण चघळतो आणि अर्धवट चघळलेले गोळे खाली टाकतो. मालकाला वाटते, नखरे करतो आहे. खरे तर त्याला भूक असते, पण खाता येत नाही. पशुवैद्याकडून दात घासून घेतले आणि चंदी भिजवून मऊ करून दिली, तर महिनाभरात हाडे झाकली जाऊ शकतात. किती घोडे केवळ कोणी तोंड उघडून पाहिले नाही म्हणून उपाशी राहत असतील!

सांधे दुखणारा घोडा रात्री खाली बसायला घाबरतो, कारण पुन्हा उठता येईल याची त्याला खात्री नसते. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवे व्हावे लागते. त्याच्याखाली जाड, कोरडे अंथरूण आणि वळायला पुरेशी जागा असेल, तर तो धीर करतो. भुकेल्याला अन्न देणे जसे पुण्य, तसेच थकलेल्याला झोप देणेही पुण्यच आहे.

निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला सुमारे 28 ते 44 ठोके पडते, अंगाचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असते आणि दिवसाला त्याला 25 ते 50 लिटर पाणी लागते. घोडा धडधाकट असतानाच त्याच्या जबड्याखालची नाडी मोजायला शिकून ठेवावे. मग बिघाड लवकर कळतो. तो पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून पाहत असेल, पायाने जमीन उकरत असेल, लोळत असेल, लीद पडत नसेल, तर तो पोटशूळ आहे. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटातला त्रास त्याच्या जिवावर लवकर बेततो. अशा वेळी माणसांच्या गोळ्या किंवा कोणी सांगितलेला काढा पाजत बसू नये. तत्काळ पशुवैद्याला बोलवावे. जबलपूरला 1948 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आज तिथले विद्यापीठ नानाजी देशमुख यांच्या नावाने चालते. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेल्या या मराठी माणसाने ग्रामसेवेला आयुष्य वाहिले. आपापल्या जिल्ह्यातही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवणे हीदेखील सेवेची तयारी आहे.

आणखी एक कठीण गोष्ट. ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणारे व्रण, सतत ताप अशी लक्षणे दिसली तर घोडा वेगळा बांधावा, त्याचा तोबरा आणि बादली दुसऱ्या जनावराला लावू नये आणि सरकारी पशुवैद्याला कळवावे. या रोगाला प्रतिबंधक लस नाही, आणि निदान पक्के झाले तर कायद्याने घोड्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. म्हणूनच अनेक जण हा आजार लपवतात. त्या लपवण्यामागे प्रेम असते, हे आम्ही नाकारत नाही. पण शेजारच्या तबेल्यातले घोडे आणि त्यांना खरारा करणारी लेकरे हीदेखील कोणाची तरी जिवाभावाची आहेत. एकावरचे प्रेम जेव्हा दुसऱ्यांच्या जिवावर उठते, तेव्हा त्याला मोह हेच नाव आहे.

सोडून देणे आणि धरून ठेवणे

म्हातारा, आजारी प्राणी दारात उभा असतो, तेव्हा मन दोन बाजूंना पळते.

पहिली पळवाट सोडून देण्याची. अनोळखी माणसाला थोडक्या पैशांत विकणे, रात्रीच्या वेळी गावाबाहेर नेऊन सोडणे, किंवा तो पडेपर्यंत कामाला जुंपणे. उपासमार आणि तहान यांच्या हवाली करून प्राण्याला टाकून देणे, किंवा वयाने, आजाराने असमर्थ झालेल्याला राबवणे, हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आपले अंतःकरण काय म्हणाले असते? त्या घोड्याला फक्त एकच वाट ठाऊक आहे, घराची. मोकळे सोडले तर तो तिथेच परत येतो. ज्या गरीब माणसाला दोन वेळची चंदी खरोखरच परवडत नाही, त्याला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या साधकांनी आठवड्याची वैरण आपसात वाटून घेतली, तर एक घर आणि एक जीव दोन्ही सावरतात. सत्संगातल्या दहा घरांना हे अवघड नाही.

दुसरी पळवाट धरून ठेवण्याची आहे. ती ओळखायला अधिक कठीण, कारण ती प्रेमासारखी दिसते. वैद्य सांगतात, आता उपाय उरला नाही. घोडा उठू शकत नाही, पडून पडून त्याच्या अंगाला जखमा झाल्या आहेत, श्वास घेताना तो कण्हतो आहे. तरी आपण म्हणतो, "मी त्याच्याशिवाय कसा राहू?" या वाक्यात ‘मी’ किती वेळा आला आणि ‘तो’ किती वेळा, हे मोजून पाहावे.

1928 साली साबरमती आश्रमात असाच प्रसंग आला. एक वासरू असाध्य आजाराने तळमळत होते. उपचार करून पाहिले, वैद्यांनी आशा सोडली. त्याला कूस बदलतानाही यातना होत. महात्मा गांधींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा केली. सर्वांचे एकमत नव्हते. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे म्हणणारेही होते. शेवटी गांधीजींच्या उपस्थितीत डॉक्टरांनी सुई देऊन त्या वासराला वेदनेतून सोडवले. गांधीजींनी हे लपवले नाही. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये त्यांनी त्यावर लिहिले आणि त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, हिंसा-अहिंसेचा निर्णय केवळ कृतीवरून होत नाही, कृतीमागचा हेतू पाहावा लागतो. स्वतःचा त्रास वाचवण्यासाठी घेतलेला जीव ही हिंसा. ज्याचा जीव जात आहे त्याच्याच शांतीसाठी, सर्व उपाय थकल्यावर, निःस्वार्थपणे केलेले कृत्य वेगळे.

दुसरीकडे आपल्या देशात पांजरपोळांची जुनी परंपरा आहे. तिथे थकलेल्या जनावराची नैसर्गिक मरणापर्यंत शुश्रूषा होते. ज्यांचा अंतरात्मा जीव घ्यायला तयार होत नाही, त्यांचा मार्गही तितकाच आदराचा आहे. पण त्या मार्गाची किंमत पूर्ण मोजावी लागते. दिवसातून अनेक वेळा कूस बदलणे, जखमा धुणे, माश्या वारणे, वेदना कमी करणारे औषध वेळेवर देणे, रात्रभर जागणे, हे सारे करायची तयारी नसेल आणि तरीही "आम्ही अहिंसावादी" म्हणत जनावराला उन्हात तडफडू दिले, तर तिथे अहिंसा उरत नाही, फक्त आपले हात झटकणे उरते.

मग निर्णय कसा घ्यावा? एकट्याने, रागात किंवा खर्चाच्या भीतीने घेऊ नये. चांगल्या पशुवैद्याला तीन प्रश्न विचारावेत: हा बरा होईल का? बरा होणार नसेल, तर याच्या वेदना औषधाने आवाक्यात ठेवता येतील का? उद्याचा दिवस याला आजच्याहून सुसह्य जाईल की अधिक वाईट? नंतर स्वतःला चौथा प्रश्न विचारावा: मी जे करणार आहे, ते कोणाचे दुःख कमी करण्यासाठी, याचे की माझे? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर देवासमोर बसून शोधावे. ते प्रामाणिक असेल, तर दोन साधक दोन वेगळ्या निर्णयांवर आले तरी दोघांनाही शांती लाभेल.

निरोप

वेळ आली की घोड्याजवळ ओळखीचा माणूस असावा. नव्या जागेची, नव्या वासाची त्याला भीती वाटते, म्हणून शक्य असेल तर त्याच्या नेहमीच्या ठिकाणीच राहू द्यावे. मानेवर, आयाळीखाली हात ठेवावा. नेहमीच्या आवाजात बोलावे. आपण मोठ्याने आक्रोश केला तर तो बिचकतो. आयुष्यभर त्याने आपला आवाज ऐकूनच जग सुरक्षित आहे की नाही हे ठरवले आहे. त्याला शेवटचे जे ऐकू जाईल ते धीराचे असावे. नामस्मरण करावेसे वाटले तर हलक्या स्वरात करावे. ते त्याच्यासाठीही असते आणि आपल्यासाठीही.

देह उघड्यावर टाकू नये. औषधे दिलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे आणि कुत्री मरतात. गिधाडांच्या अशाच मृत्यूंमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्या देशात 2006 साली बंदी आली. विहीर, ओढा यांपासून दूर, खोल खड्डा घेऊन मातीला माती द्यावी. त्यावर एखादे झाड लावावे. ज्याने आयुष्यभर उन्हातून ओझी वाहिली, त्याच्या नावाने कोणाला सावली मिळो.

घरातली मुले हे सारे पाहत असतात. त्यांना लांब पाठवू नये. म्हातारपण, आजार आणि उपयोग संपलेला जीव यांच्याशी आपले आईवडील कसे वागले, हे ती मुकाट्याने मनात साठवतात. आपण त्यांना हजार सुविचार पाठ करून घेऊ, पण उद्या आपण स्वतः थकून खाटेवर पडू, तेव्हा त्यांना आठवेल तो तबेलाच.

आणि घोडा गेल्यावर रडू आले तर लाजू नये. "जनावरच तर होते" असे म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये. वीस-पंचवीस वर्षे ज्याची टाप ऐकून घराला जाग आली, त्याच्या जाण्याने घर सुने होणारच. रिकामा तोबरा खुंटीवर पाहून घशात आवंढा येणे हा दुबळेपणा नाही. आपले अंतःकरण अजून जिवंत आहे, याची ती खूण आहे.

आपला संकल्प

साधकांनो, कृतज्ञता हा गोड शब्द आहे. ज्याच्याकडून अजून काही मिळायचे आहे त्याच्याविषयी ती सहज वाटते, पण त्या भावनेत थोडा व्यवहार मिसळलेला असतो. ज्याच्याकडून आता काहीच मिळणार नाही, जो आभारही मानू शकत नाही, जो उद्या असेलच असे नाही, त्याच्यासाठी बादलीभर पाणी उचलून नेताना व्यवहार गळून पडतो. तेवढा वेळ आपली सेवा निर्मळ असते. मोठमोठ्या साधनांनी जी निष्कामता साधायची, ती थकलेला घोडा आपल्याला तबेल्यात शिकवून जातो. म्हणून त्याचे शेवटचे दिवस हे ओझे मानू नयेत. आयुष्यभर त्याने आपल्याला वाहिले; जाता जाताही तो आपल्याला थोडे पुढे नेऊन सोडतो.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढे करावे. आपल्या घरी, गल्लीत किंवा गावात असा एक थकलेला जीव शोधावा. त्याच्या मालकाची विचारपूस करावी, उपदेश करू नये. पाणी, वैरण, औषध किंवा पशुवैद्याची फी, यांतले जे जमेल ते न बोलता द्यावे. आणि सायंकाळी प्रार्थनेला बसताना, ज्यांच्या पाठीवरून आपण आणि आपले पूर्वज इथवर आलो, त्या सर्व मुक्या जिवांना मनोमन नमस्कार करावा.

परमात्मा आपल्या हातांना ती कोवळीक आणि मनाला ते बळ देवो.